टॅब्लेट प्लांटमध्ये उत्पादनाची नोकरी: घ्यावी की नाही?

पत्र: "या वर्षी बी. फार्म. झालो. वाळूजच्या एका टॅब्लेट प्लांटमध्ये उत्पादन विभागात ट्रेनी ऑफिसर म्हणून निवड झाली आहे. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) वर्षाला ३ लाख, तीन पाळ्या, २ वर्षांचा बॉन्ड. वडील म्हणतात, गावात मेडिकल टाक. क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) लागलेला मित्र म्हणतो, प्रॉडक्शन म्हणजे पांढऱ्या कपड्यांतली हमाली. मला मशिनरीची आवड आहे. पण रात्रपाळी झेपेल का, पावडरीनं तब्येत बिघडेल का आणि पाच वर्षांनी मी कुठे असेन, काहीच कळत नाही. जाऊ का?"
– वि. का., हिंगोली जिल्हा

वि. का.,

जा. मात्र जाण्याआधी कंपनीला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं पटली तरच जा. ते प्रश्न पुढे येतीलच. आधी तुमच्या मित्राच्या हमालीबद्दल.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आठ तास उभं राहावं लागतं, गाउन, टोपी, मास्क, हातमोजे घालून. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. पाणी प्यायचं तरी कपडे बदलून बाहेर यायचं. ड्रम ओढणं, मशिन धुणं ही कामं ऑपरेटर आणि हेल्पर करतात. पण माणूस कमी पडला की ट्रेनीही हात लावतो, आणि लावावाच. मित्राच्या नजरेतून जे निसटलं ते असं, की उत्पादनातल्या ऑफिसरचं खरं काम सहीचं आहे. कोणतं द्रव्य किती घातलं, किती वाजता, कोणत्या मशिनवर, किती वेळ फिरवलं, मध्ये काय बिघडलं, हे सगळं बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या नोंदवहीत, तुमच्या सहीनं जातं. गोळी बाजारात असेपर्यंत आणि एक्स्पायरीनंतरही काही काळ ती सही जिवंत असते. या नोकरीचे बहुतेक फायदे-तोटे या एका गोष्टीतून निघतात.

एक बॅच डोळ्यांसमोर आणा. १० लाख गोळ्या, प्रत्येकीत १०० मिलिग्रॅम औषध, गोळीचं सरासरी वजन २५० मिलिग्रॅम. म्हणजे औषध १०० किलो आणि एकूण बॅच २५० किलो. डिस्पेन्सिंगला, म्हणजे द्रव्यं मोजून देण्याच्या जागी, उभे राहाल तेव्हा पहिली गोष्ट कळेल, की १०० किलो म्हणजे काट्यावर १०० किलो नव्हे. आलेल्या लॉटचा 'असे' (assay), म्हणजे त्यातल्या शुद्ध औषधाचं प्रमाण, समजा, वाळवलेल्या पदार्थावर ९९.२ टक्के आहे आणि त्यात ओलावा ०.४ टक्का. मग १०० ला ०.९९२ नं भागा, आलेल्या आकड्याला ०.९९६ नं भागा. उत्तर १०१.२१ किलो. हे वरचं १.२१ किलो लॅक्टोज किंवा जे भरण द्रव्य असेल त्यातून वजा करायचं, नाहीतर गोळीचं वजन सरकेल. हिशेब एकानं करायचा, दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचा. 'स्वतंत्रपणे' याचा अर्थ पहिल्याचा आकडा न बघता. पहिल्याच्या कॅल्क्युलेटरवरचं उत्तर बघून मान डोलावून केलेली दुसरी सही नसल्यातच जमा.

पुढे ग्रॅन्युलेशन, म्हणजे भुकटीचे कण बांधणं. आरएमजी या वेगवान मिक्सरमध्ये ओलं मिश्रण करताना बाइंडर (कण चिकटवणारं द्रव्य) घातल्यावर कुठे थांबायचं, हे इम्पेलरच्या (आतल्या पात्याच्या) मोटरचे अँपिअर सांगतात. बीएमआरमध्ये वेळ आणि अँपिअर दोन्हींची मर्यादा दिलेली असते. फार वेळ फिरवलं तर कण दगडासारखे होतात, गोळी फुटायला उशीर लागतो, औषध विरघळत नाही. कमी फिरवलं तर भुकटी राहते. मग एफबीडीत, म्हणजे गरम हवेच्या ड्रायरमध्ये, वाळवण. ओलावा ठरलेल्या मर्यादेत आला की थांबायचं. जास्त वाळवलं म्हणून गोळी चांगली होत नाही, उलट तिची टोपी, म्हणजे वरचा थर, उडते. शेवटी ब्लेंडरमध्ये मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे वंगण (ल्युब्रिकंट). हे एक टक्क्याच्या आतबाहेरच असतं आणि काही मिनिटंच फिरवायचं असतं. नवशिके इथे हमखास चुकतात: मधेच जेवणाची सुट्टी येते, ब्लेंडर पाचाच्या जागी पंधरा मिनिटं फिरतो आणि 'जास्त मिसळलं तर बरंच की' असं वाटतं. बरं नाही. स्टिअरेट कणांवर मेणासारखं पसरतं, गोळी मऊ पडते आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. कॉम्प्रेशनवर, म्हणजे गोळ्या दाबताना, ते कदाचित लक्षातही येणार नाही. क्यूसीत डिझोल्यूशन (औषध विरघळण्याची चाचणी) नापास होईल तेव्हा सगळे ब्लेंडरच्या नोंदीकडे वळतील.

कॉम्प्रेशन हे तुमच्यासारख्या मशिनवेड्याचं ठिकाण. ४५ स्टेशनचं डबल रोटरी मशिन ३० आरपीएमवर चालवलं की मिनिटाला २,७०० गोळ्या पडतात, तासाला १ लाख ६२ हजार. अशा वेळी दर अर्ध्या तासाला वजन तपासायचं असेल आणि एक तपासणी चुकली, तर दोन तपासण्यांमध्ये १ लाख ६२ हजार गोळ्या कुणी न बघता निघून गेल्या, इतका साधा हिशेब आहे. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या मानकग्रंथानुसार २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड गोळीला वजनाची मुभा सरासरीच्या ५ टक्के; २० गोळ्यांपैकी दोनपेक्षा जास्त त्याबाहेर नकोत आणि एकही दुपटीबाहेर नको. आपल्या गोळीसाठी ५ टक्के म्हणजे १२.५ मिलिग्रॅम. घासलेला पंच (गोळी दाबणारा दांडा) किंवा हॉपरमध्ये अडकलेली पावडर तेवढा फरक सहज पाडते.

टोपी उडायला लागली, म्हणजे कॅपिंग सुरू झालं, की नवखा माणूस प्रेशर वाढवतो. बऱ्याचदा नेमकं त्यानंच ते वाढतं. कारण कणांमध्ये हवा अडकलेली असते किंवा ग्रॅन्यूल फार कोरडे असतात किंवा बारीक भुकटीचं प्रमाण जास्त असतं. आधी वेग कमी करून बघा, मग प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब), मग पंचांची टोकं, मग ग्रॅन्यूलचा ओलावा. पावसाळ्यात याच्या उलट. ह्युमिडिटी मर्यादेबाहेर गेली की गोळी पंचाला चिकटते, अक्षरं भरून जातात. एसीची तक्रार मेंटेनन्सकडे लेखी करा, फोनवर नको. आणि हे सगळे बदल बीएमआरमध्ये दिलेल्या मर्यादेतच करायचे. वेग २० ते ३० आरपीएम लिहिला असेल आणि ३२ वर मशिन सुरेख चालत असेल, तरी ३२ हे डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीतून ढळणं, आहे. डोकं आहे पण हात बांधलेले आहेत, ही उत्पादनातली कायमची तक्रार. ज्यांना रोज नवं करून बघायचं असतं त्यांनी आर अँड डीकडे बघावं. इथे तीच गोष्ट शंभराव्यांदा तशीच करणाऱ्याची किंमत आहे.

आता सहीवर परत येतो, कारण नोकरी इथेच टिकते किंवा जाते. अडीचची वजन तपासणी राहिली आणि दहा मिनिटांनी लक्षात आली, तर काय कराल? दोन चाळीसला तपासा, दोन चाळीसच लिहा, शेरा टाका, आयपीक्यूएला, म्हणजे उत्पादनाच्या जागीच गुणवत्तेवर लक्ष ठेवणाऱ्यांना, सांगा. डेव्हिएशन निघेल, चार प्रश्न विचारले जातील, एखादं ट्रेनिंग लागेल, विषय संपेल. त्याऐवजी अडीच लिहून सही केली तर ती चूक राहत नाही, बनावट नोंद होते. पकडली जात नाही असं समजू नका. काट्याच्या प्रिंटवर वेळ असते, दरवाज्याच्या कार्डवर असते, मशिनच्या ऑडिट ट्रेलमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदीत) असते. तपासणीला येणारे अधिकारी नेमकं हेच जुळवतात: बीएमआरमध्ये सही दोन वाजताची, आणि गेटच्या नोंदीनुसार साहेब दीडलाच बसमध्ये बसून गेलेले. कागद फाडून कचऱ्यात टाकले तर कचऱ्याचे डबेही बघतात. खाडाखोड झालीच तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. पांढरी शाई नाही, तळहातावर किंवा चिठ्ठीवर आकडा टिपून नंतर उतरवणं नाही, दुसऱ्याच्या पासवर्डनं लॉगिन नाही. 'तू कर रे सही, मी बघितलंय' याला पहिल्याच आठवड्यात हसत-हसत नाही म्हणा. सहाव्या महिन्यात नाही म्हणणं फार जड जातं.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न रात्री तीन वाजता पडतो. महाराष्ट्राला याचं उत्तर दुसरीकडे शोधायला नको. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं म्हणून. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं गेली, तेव्हाही कफ सिरपमध्ये हेच विष निघालं. म्हणून ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरण्याआधी डायइथिलीन ग्लायकॉल तपासतात आणि त्याची मर्यादा ०.१ टक्का असते. गोदामातून आलेल्या ड्रमवर 'अप्रूव्ह्ड' लेबल आहे का, लॉट नंबर जुळतो का, हे बघणारा शेवटचा माणूस डिस्पेन्सिंगचा ऑफिसर असतो.

एक तोटा कंपनीच्या माहितीपत्रकात कधीच नसतो. बॅचमध्ये गडबड झाली की चौकशी निघते आणि बऱ्याच कारखान्यांत चौकशीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: ह्यूमन एरर. चूक माणसाची, उपाय ट्रेनिंग, फाइल बंद. चाळणीची जाळी झिजलेली होती, दोन प्रॉडक्टची लेबलं एकाच रंगाची होती, एकाच ऑफिसरकडे तीन क्युबिकल होते, हे कुणी लिहीत नाही. त्यामुळे चौकशीत तुमचा जबाब मागतील तेव्हा 'चुकलो' एवढंच लिहून सुटका करून घेऊ नका. काय घडलं, त्या वेळी तुमच्याकडे कोणकोणती कामं होती, एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) ती पायरी कशी लिहिली आहे, असं सगळं लिहा. महिनाअखेरीचा दबाव हा दुसरा तोटा. २५ तारखेनंतर डिस्पॅचचा तगादा लागतो आणि त्याच पाच दिवसांत सगळ्यात जास्त घोळ होतात. त्या दिवसांत लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचचं काही उरलं नाही याची खात्री, पूर्ण घ्या, मशिनखाली वाकून बघा, चूट, हॉपर, गोळी मोजायच्या चॅनेलमध्ये टॉर्च मारा. आधीच्या प्रॉडक्टची एक गोळी किंवा एक छापलेली फॉइल राहिली आणि पुढच्या बॅचमध्ये गेली, तर त्याला औषध बदलणं म्हणतात. असा माल बाजारातून परत बोलवावा लागतो.

तब्येतीबद्दल. तुमची शंका योग्य आहे, पण 'पावडर' असा सरसकट विचार करू नका. कोणतं औषध, हे महत्त्वाचं. साध्या वेदनाशामक किंवा मधुमेहाच्या गोळ्यांच्या प्लांटमध्ये नीट मास्क लावणाऱ्याला सहसा मोठा धोका नसतो. हार्मोन, स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं आणि पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक यांची गोष्ट वेगळी. इस्ट्रोजेनच्या धुळीनं पुरुष कामगारांची छाती वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती पुढे डॉक्टरकडे गेल्यावरही आडवी येते. अशा औषधांना वेगळा, बंदिस्त विभाग लागतो. म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न: प्लांटमध्ये कोणत्या गटाची औषधं बनतात आणि मला कोणत्या विभागात टाकणार?

धूळ सगळ्यात जास्त कुठे उडते? डिस्पेन्सिंग, चाळणी, एफबीडीची पिशवी बदलताना आणि कोरडी साफसफाई करताना. एन-९५ मास्क दाढीवर बसत नाही, कडेनं हवा शिरते. दाढीची हौस असेल तर या जागी ती सोडावी लागेल. पावडर झाडूनं झाडू नका, कॉम्प्रेस्ड एअरनं उडवू नका, व्हॅक्यूमनं ओढा. कॉम्प्रेशन आणि ब्लिस्टर पॅकिंगच्या आवाजाची कानाला सवय होते असं म्हणतात. सवय होत नाही, कान कमी ऐकू लागतो. इअर प्लग पहिल्या दिवसापासून घाला. जॉइनिंगच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत फुप्फुसाची आणि कानाची चाचणी करून त्या रिपोर्टची प्रत घरी ठेवा. दोन-तीन वर्षांनी काही त्रास झाला तर तुलनेला आधीचा आकडा लागतो, आणि तो नेमका कुणाकडेच नसतो.

आणि एक. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून ग्रॅन्युलेशन होत असेल तर एफबीडीचं अर्थिंग, पिशवीचं अर्थिंग, बाउलची क्लिप हे दर बॅचला डोळ्यांनी बघा. सॉल्व्हंटची वाफ आणि स्थिर विजेची ठिणगी एकत्र आली की स्फोट होतो. मूळ औषधद्रव्य बनवणाऱ्या एपीआय प्लांटमध्ये, कुरकुंभ, तारापूर, महाड, लोटे परशुराम या पट्ट्यांत, ही भीती कितीतरी पट मोठी असते. रिअ‍ॅक्टर, टोल्यूइन, नायट्रोजन, बंद टाकीत उतरणं. तुमच्यासारखा फॉर्म्युलेशन प्लांट, म्हणजे त्या द्रव्याच्या गोळ्या करणारा, त्या मानानं सोज्वळ.

रात्रपाळी झेपेल का, याचं उत्तर तुमच्या झोपेवर आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमानं पाळी फिरत असेल तर शरीर जुळवून घेतं. उलट्या क्रमानं फिरणारी पाळी जास्त छळते. वाळूजच्या बजाजनगरमध्ये चार जणांत खोली घेणार असाल तर दोघं तरी तुमच्याच पाळीचे बघा, नाहीतर दिवसा झोप विसरा. पहाटे तीन ते पाच ही चुकांची वेळ. वजनाचा हिशेब, ल्युब्रिकेशनची वेळ, बॅच नंबरचं कोडिंग ही कामं त्या दोन तासांत एकट्यानं उरकू नका. आणि पाळी संपताना पंधरा मिनिटं हँडओव्हरला द्या, मशिनपाशी उभं राहून, बसच्या दारात नाही.

पैशाचं बोलू. ३ लाख सीटीसी म्हणजे महिन्याला २५ हजार, पण हातात तेवढे येत नाहीत. बेसिक निम्मं, १२,५०० धरा. त्यावर कंपनीचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ६०१. हे सीटीसीतूनच जातात. उरले २२,८९९. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात २१,२०० च्या आसपास, आणि बोनस, विमा, बस, कँटीनही सीटीसीत धरले असतील तर त्याहून कमी. ग्रॅच्युइटी पाच वर्षं राहिल्यावरच मिळते, म्हणजे ते ६०१ तूर्त कागदावरच. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कामगाराला असतो. ऑफिसर हुद्द्यावर बहुतेक ठिकाणी बदली सुट्टीवर भागवतात. म्हणून दुसरा प्रश्न: रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही तर मी किती तास थांबायचं आणि त्याचा मोबदला काय?

आणि मेडिकल? वडिलांचा विचार वाईट नाही. किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा, फॉर्म २० आणि २१ चे परवाने आणि तुमची फार्मसी कौन्सिलची नोंदणी एवढ्यावर ते उभं राहतं. पण भांडवल, उधारी आणि शेजारच्या दुकानाची सवलत या तिन्हींशी बाविसाव्या वर्षीच लढायची गरज नाही. दुकान पाच वर्षांनीही टाकता येतं. उलटा रस्ता मात्र अवघड, तीन वर्षं काउंटरवर बसलेल्याला प्लांट फ्रेशर म्हणूनच बघतो. कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. पण एक गोष्ट चुकूनही करू नका: प्लांटमध्ये नोकरी करत असताना स्वतःचं सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्यानं एखाद्या दुकानाला लावणं. भाव सांगणारे एजंट भेटतील, 'सगळेच करतात' म्हणतील. औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखाली विकायचं असतं आणि तुम्ही त्या वेळी वाळूजला कार्ड पंच करत असता. पकडलं गेलं तर नोंदणीही जाते आणि नोकरीही.

पाच वर्षांनी कुठे असाल? इथे बी. फार्म.चा खरा फायदा आहे. औषध कायद्यातल्या नियमांप्रमाणे उत्पादन ज्यांच्या देखरेखीखाली चालतं ते तांत्रिक कर्मचारी लायसन्सिंग अधिकाऱ्यानं मान्य केलेले लागतात. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी पदवीनंतर १८ महिन्यांचा उत्पादनाचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बी. एस्सी.ला ३ वर्षं लागतात. यालाच बोलीत 'एफडीए अप्रूव्हल' म्हणतात; ही एफडीए राज्याची, अमेरिकेची नव्हे. ते हाती आलं की छोट्या-मध्यम कारखान्यांत तुमची किंमत एकदम बदलते, कारण त्यांना परवान्यावर नाव लावायला माणूस हवाच असतो. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाच्या दर्जाचे नियम, डिसेंबर २०२३ मध्ये निघालं, आणि लहान-मध्यम उद्योगांना अर्ज करून मिळालेली वाढीव मुदतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे व्हॅलिडेशन आणि क्वालिफिकेशन (पद्धत आणि मशिन ठरल्याप्रमाणे चालतात हे सिद्ध करणं), क्लीनिंगच्या नोंदी हे सगळं धड समजणारा उत्पादनाचा माणूस आता छोट्या कारखान्यालाही लागतो.

अनुभवाच्या पत्रावर मात्र बारीक लक्ष ठेवा. त्यावर उत्पादन परवाना असलेल्या कंपनीचं नाव हवं, तारखा हव्यात आणि 'टॅब्लेटचं उत्पादन' असा स्पष्ट उल्लेख हवा. कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर असाल तर पत्र कॉन्ट्रॅक्टरचं मिळतं आणि ते पटवून देताना घाम फुटतो. हा तिसरा प्रश्न: मी कंपनीच्या रोलवर आहे का? चौथा याच्याच पोटातला: पहिल्या दोन वर्षांत मला कोणकोणत्या विभागांत फिरवणार? खूप पोरं ब्लिस्टर पॅकिंगवर टाकली जातात आणि तिथेच दोन वर्षं काढतात. पॅकिंग शिकावंच, कोडिंग आणि रिकन्सिलिएशनची (मालाचा हिशेब जुळवण्याची) शिस्त तिथेच लागते, पण सहा-आठ महिने पुरे. ग्रॅन्युलेशन न केलेल्या माणसाला 'टॅब्लेटचा माणूस' कुणी म्हणत नाही. एचआर टाळाटाळ करत असेल तर इंटरव्ह्यू घेणाऱ्या प्रॉडक्शन मॅनेजरला सरळ ईमेल करून विचारा.

दोन-तीन वर्षांनी फाटे फुटतात. टेक ट्रान्सफर (नवं प्रॉडक्ट प्लांटमध्ये आणणं), व्हॅलिडेशन, आयपीक्यूए, इंजेक्टेबल. उत्पादनातून क्यूएत (गुणवत्ता हमी विभागात) जाणारे पुष्कळ दिसतात, क्यूएतून उत्पादनात येणारा क्वचित. हेही मित्राला सांगा. इंजेक्शनच्या प्लांटला मागणी चांगली, पण तिथे शिस्त वेगळ्याच पातळीची. निर्जंतुक खोलीत हळू चालायचं, कमी बोलायचं, आणि मीडिया फिलमध्ये औषधाऐवजी जिवाणूंचं खाद्य भरून तुमच्याच हालचालींची परीक्षा होते. घाईगडबडीच्या स्वभावाला ते सोसत नाही.

एक धोका तुमच्या हातात नसतो. प्लांट अमेरिकेला माल पाठवत असेल आणि तिथल्या औषध नियामकाच्या, यूएसएफडीएच्या, तपासणीत फॉर्म ४८३ वर (त्रुटी नोंदवायच्या कागदावर) गंभीर निरीक्षणं आली, तर १५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर वॉर्निंग लेटर येऊ शकतं, कधी आयातबंदीही. मग बढत्या थांबतात, भरती थांबते, सुट्ट्या रद्द होतात. तरीही अशा प्लांटमध्ये सुधारणेच्या काळात राहिलेला ऑफिसर जे शिकतो ते शांत प्लांटमध्ये शिकता येत नाही, बशर्ते त्या नोंदींमध्ये त्याची स्वतःची सही स्वच्छ असेल. जॉइन होण्याआधी कंपनीचं नाव यूएसएफडीएच्या संकेतस्थळावर शोधा. वॉर्निंग लेटर तिथे जाहीर असतात आणि वाचायला फुकट. एक जरी नीट वाचलंत तरी नोकरी कशावर जाते ते कळेल.

बॉन्डबद्दल: २ वर्षं चालतील, १८ महिने तुम्हाला हवेच आहेत. रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते का आणि कंपनीनंच काढलं तर काय, हे तीन मुद्दे कागदावर बघून मगच सही करा. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र मागितलं तर दाखवा, पडताळून घ्या म्हणा, आणि साक्षांकित झेरॉक्स ठेवून मूळ प्रती त्याच दिवशी परत घेऊन या. कोरा चेक मागितला तर देऊ नका.